'सी' आणि 'डी': जुन्या अमेरिकन सोन्याच्या मागावर

सोमवार, वॉशिंग्टन

मामा न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आमच्याकडे राहायला आले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "नायगारा राहू दे. तुझी ती सोन्याची नाणी जिथे पडली ती गावं मला दाखव." त्यांचं सगळं आयुष्य नाशिकच्या सराफ बाजारात गेलं. शिवराई नाणी आणि पेशवाईतले रुपये जमवण्याचा त्यांचा नाद माझ्या जन्माआधीचा. हा नाद मला लागला तो त्यांच्याकडूनच, पण अमेरिकेत आल्यावर माझं मन भलतीकडेच जडलं. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या शार्लट आणि डलॉनेगा या दोन लहान टांकसाळींत पडलेल्या सोन्याच्या नाण्यांकडे.

न्यू ऑर्लिन्ससह या टांकसाळींना काँग्रेसने १८३५ मध्ये मंजुरी दिली. शार्लट आणि डलॉनेगाची नाणी १८३८ पासून पडू लागली आणि १८६१ मध्ये यादवी युद्धाने दोन्ही टांकसाळी कायमच्या बंद केल्या. इथे फक्त सोनंच पडलं. एक डॉलर, अडीच डॉलर, पाच डॉलर, आणि डलॉनेगात एका वर्षापुरतं तीन डॉलरचं नाणं. शार्लटच्या नाण्यावर बारीकसा 'सी', डलॉनेगाच्या नाण्यावर 'डी'. (पुढे १९०६ पासून डेन्व्हरनेही 'डी' घेतला, म्हणून साल बघितल्याशिवाय बोलू नये.)

दक्षिणेकडे वळण्याआधी मामांना स्मिथसोनियन दाखवायचंच होतं. अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, आत जायला तिजोरीसारखं जाडजूड दार. तिथे १८४९चं वीस डॉलरचं नाणं आहे. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर एवढं मोठं नाणं काढायचं ठरलं, त्याचा हा पहिला नमुना. जगात हे एकच माहीत आहे. मामा त्याच्यासमोरून हलेनात. "किती भरेल?" त्यांनी विचारलं. ३३.४ ग्रॅम, मी सांगितलं. "म्हणजे तीन तोळ्यांना थोडं कमी," ते म्हणाले आणि परत काचेकडे वाकले.

या संग्रहाचा मोठा हिस्सा जोसाया लिली या औषध कारखानदार घराण्यातल्या संग्राहकाचा. त्यांची ६,११३ सोन्याची नाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून, करसवलतीच्या बदल्यात देशासाठी घेतली. एका माणसाने इतकं जमवावं आणि ते फुटून न जाता एका जागी राहावं, हे मला फार मोलाचं वाटतं. नाण्यांचे बहुतेक मोठे संग्रह लिलावात विखुरतात.

पण मामांना मला जे सांगायचं होतं ते १८२२च्या पाच डॉलरच्या नाण्याबद्दल. टांकसाळीच्या हिशेबात त्या साली १७,७९६ नाणी पडल्याची नोंद आहे. आज माहीत आहेत तीन. दोन याच संग्रहात, तिसरं २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरना गेलं.

"बाकीची कुठे गेली?"

"मोडीत," मी म्हटलं.

मग तिथल्याच बाकावर बसून मी त्यांना हिशेब सांगितला. तेव्हा अमेरिकेत सोन्या-चांदीचं प्रमाण कायद्याने १ला १५ असं बांधलेलं होतं, युरोपच्या बाजारात मात्र सोनं त्याहून महाग. पाच डॉलरच्या नाण्यात १२३.७५ ग्रेन शुद्ध सोनं होतं (ग्रेन हे वजनाचं जुनं माप, साधारण ०.०६५ ग्रॅम). व्यापारी ती नाणी पोत्याने गोळा करून युरोपला धाडत आणि तिथे ती वितळत. शेवटी १८३४ मध्ये काँग्रेसने नाणं हलकं केलं, शुद्ध सोनं ११६ ग्रेनवर आणलं. नव्या हिशेबाने जुनं पाच डॉलरचं नाणं एकदम ५ डॉलर ३३ सेंटचं झालं. मग देशात जी उरली होती तीही टांकसाळीच्या मुशीत गेली.

मामांना याहून जास्त सांगावं लागलं नाही. "मोडून जास्त पैसे येत असतील तर कोण ठेवील?" ते म्हणाले. "मला वाटायचं, कमी पाडलं म्हणून दुर्मिळ. इथे तर पाडलंय भरपूर."

नवे संग्राहक नेमके इथेच फसतात. यादीत पडलेल्या नाण्यांचा आकडा बघतात आणि त्यावरून किंमत ठरवतात. बघायचं असतं ते किती उरली, कुठल्या अवस्थेत उरली आणि का उरली. आमच्या पुढच्या सगळ्या मुक्कामांत मी मामांना हाच प्रश्न विचारायला लावला.

मंगळवार, रस्त्यात

वॉशिंग्टन ते शार्लट हा दिवस गाडीतच गेला. व्हर्जिनियातली झाडी संपत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती, ती दुपारी एका रेस्ट एरियात बाकावर बसून खाल्ली.

बोलता बोलता १९३३चा विषय निघाला. त्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी हुकूम काढला की लोकांनी आपल्याकडचं सोनं सरकारजमा करावं. माणशी १०० डॉलरपर्यंतची नाणी ठेवायला मुभा होती, आणि संग्राहकांना मोलाची वाटणारी दुर्मिळ नाणी वगळली होती. या एका सवलतीमुळे किती नाणी वाचली असतील! पण सामान्य घरातल्या माणसाला आपलं नाणं दुर्मिळ आहे की साधं, हे कुठे ठाऊक असणार? कित्येकांनी बँकेत नेऊन दिली आणि कागदी नोटा घेऊन परत आले.

मामांनी लगेच मोरारजीभाईंचा काळ काढला. १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायला बंदी. मामा तेव्हा शाळकरी होते. पेढीवरचे कारागीर काम नाही म्हणून गावी परत गेले, ते त्यांना अजून आठवतं. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा तर थेट १९९० मध्ये रद्द झाला. सरकारची नजर सोन्यावर पडली की जुना माल आधी मुशीत जातो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

बुधवार, शार्लट

शार्लट आता बँकांचं शहर आहे, काचेच्या उंच इमारतींचं. जुनी टांकसाळ वेस्ट ट्रेड स्ट्रीटवर होती. जवळून जाणाऱ्या रस्त्याचं नाव अजून मिंट स्ट्रीट आहे, आणि फुटबॉलचं भलंमोठं स्टेडियमही त्याच रस्त्यावर.

टांकसाळीची इमारत मात्र जागेवर नाही. वास्तुविशारद विल्यम स्ट्रिकलंडने तिचा आराखडा केला होता. १९३०च्या दशकात पोस्टाच्या विस्तारासाठी ती पाडायचं ठरलं, तेव्हा गावातल्या लोकांनी पुढाकार घेतला. दगड-विटा उतरवून दुसऱ्या भागात नेल्या आणि तिथे इमारत पुन्हा उभी केली. १९३६ मध्ये तिथे नॉर्थ कॅरोलिनातलं पहिलं कलासंग्रहालय उघडलं, मिंट म्युझियम. बुधवारी ते संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, म्हणून आजचा दिवस मुद्दाम राखून ठेवला होता. दर्शनी भागावर पंख पसरलेला सोनेरी गरुड आहे. मामांनी त्याचेच सगळ्यात जास्त फोटो काढले.

इथे मला त्यांना जुन्या आगीबद्दल सांगायचं होतं. २७ जुलै १८४४ला टांकसाळ जळाली आणि १८४६ मध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणजे १८४५ साल आणि 'सी' हे दोन्ही एका नाण्यावर असूच शकत नाही. कोणी दाखवलंच तर हात जोडून निघून यावं. संग्राहकाला इतिहास पाठ असला की अर्धी फसवणूक तिथेच टळते.

'सी' कुठे असतो हेही बघून ठेवावं. १८३८ आणि १८३९च्या नाण्यांवर तो दर्शनी बाजूला, सालाच्या वर आहे. १८४० पासून मागच्या बाजूला, गरुडाच्या खाली गेला. त्या काळच्या फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीच्या नाण्यावर असं कुठलंच अक्षर नसतं, आणि तिथली नाणी बरीच स्वस्त मिळतात. म्हणून फिलाडेल्फियाच्या नाण्यावर 'सी' किंवा 'डी' चिकटवून विकण्याचा धंदा जुना आहे. भिंगातून अक्षराच्या बुडाशी बघायचं. ठशातून उठलेलं अक्षर मैदानातून, म्हणजे नाण्याच्या कोऱ्या सपाट भागातून, सरळ वर येतं, चिकटवलेल्याच्या भोवती बारीक सांध दिसते. मामा म्हणाले, सांधा ओळखायला त्यांना भिंगसुद्धा लागणार नाही.

शार्लटची सगळ्यात दुर्मिळ वस्तू म्हणजे १८४९चा एक डॉलर, मागच्या बाजूला पानांची माळ उघडी असलेला. त्याच साली माळेची टोकं वरच्या आकड्याजवळ आणून नवा ठसा केला, आणि शार्लटचे जवळजवळ सगळे डॉलर त्या दुसऱ्या ठशाचे निघाले. उघड्या माळेचे जेमतेम पाच माहीत आहेत. हे नाणं शर्टाच्या बटणाएवढं आणि पावणेदोन ग्रॅमलाही कमी. खिशातून पडलं तर कळायचंही नाही. म्हणूनच इतके कमी उरले असतील असं मला वाटतं, हा माझा अंदाज.

गुरुवार, रीडची खाण

शार्लटपासून तासाभरावर, कबॅरस काउंटीत लिटल मेडो क्रीक नावाचा ओहोळ आहे. १७९९ मध्ये कॉनरॅड रीड या बारा वर्षांच्या मुलाला त्यात एक पिवळा धोंडा दिसला. १७ पौंडांचा. घरी तीन वर्षं तो दाराला टेकण म्हणून वापरला. १८०२ मध्ये बाप जॉन रीडने तो फेएटव्हिलच्या एका सोनाराला दाखवला. सोनाराने विचारलं, काय घेशील? रीडने आठवड्याची मजुरी मागितली, साडेतीन डॉलर. धोंड्याची खरी किंमत हजारोंत होती.

मामा इथे गप्प झाले. मग म्हणाले, "असा सौदा करणाऱ्याला आमच्या बाजारात कोणी शेजारी बसवून घेतलं नसतं."

पुढच्याच साली तिथे २८ पौंडांचा तुकडा मिळाला. तो शोधणाऱ्याचं नाव पीटर, आणि तो गुलाम होता. सोनं मालकाचं झालं. या दक्षिणी सोन्याबद्दल लिहिताना कॉनरॅडची गोष्ट सगळे सांगतात, पीटर एका ओळीत उरकतात. कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या खाणींत अशी असंख्य माणसं राबली आणि 'सी', 'डी'च्या नाण्यांतलं सोनं त्यांच्या हातून गेलेलं आहे. माझ्याकडे जे नाणं येईल त्याच्याबरोबर ही गोष्टही येते, आणि ती टाळायची माझी इच्छा नाही.

खाण आता राज्याच्या ताब्यात आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. जमिनीखालच्या बोगद्यातून नेतात. बाहेर उकाडा, आत गारवा आणि ठिबकणारं पाणी. वर ओहोळाजवळ पत्र्याच्या थाळीत वाळू घेऊन चाळायला शिकवतात. थाळी पाण्यात तिरपी धरायची, हलवत राहायचं, हलकी वाळू वाहून जाते, जड काळी वाळू तळाशी राहते. सोनं असलंच तर तिच्याखाली. मामांनी बाह्या वर केल्या आणि शिकवणाऱ्या मुलीपेक्षा सराईतपणे थाळी फिरवली. सराफ बाजारात पहाटे झारेकरी दुकानांसमोरची धूळ झाडून नेतात आणि धुऊन सोनं काढतात, तसंच हे, ते तिला समजावून सांगत होते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि झारेकऱ्यांचे फोटो आहेत का म्हणून विचारलं. थाळीच्या कडेला मोहरीच्या चतकोराएवढा एक कण चमकला. तो त्यांनी बाटलीत घेतला.

शुक्रवार, रदरफर्डटन

शार्लटच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथे रदरफर्डटन आहे. नाण्यांच्या बाबतीत मला शार्लटपेक्षाही हे गाव जवळचं वाटतं.

सरकारी टांकसाळ यायच्या आधी इथल्या खाणवाल्यांची मोठी अडचण होती. सोनं काढायचं, पण त्याचं नाणं करायला दूर फिलाडेल्फियाला पाठवायचं. रस्ते वाईट, वाटेत चोऱ्या. तेव्हा १८३० मध्ये इथे येऊन राहिलेला, मूळचा जर्मनीचा ख्रिस्टोफर बेक्टलर नावाचा सोनार पुढे झाला. १८३१ पासून तो लोकांचं सोनं घेऊन त्याची नाणी पाडून देऊ लागला, अर्थात आपली मजुरी कापून. खासगी माणसाने नाणी पाडायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. अमेरिकेतला पहिला सोन्याचा डॉलर त्याचा. सरकारचा डॉलर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८४९ मध्ये आला.

बेक्टलरच्या नाण्यावर राष्ट्रदेवता नाही, गरुड नाही. आहे ते फक्त नाव, गाव, वजन आणि कॅरट. त्याच्या पाच डॉलरच्या नाण्यांवर तीन तऱ्हेचे मजकूर सापडतात: १४० ग्रेन २० कॅरट, १३४ ग्रेन २१ कॅरट, १२८ ग्रेन २२ कॅरट. जिथलं सोनं जसं निघालं तसं. मामांनी दुपारी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमाल ओढला आणि आकडेमोड सुरू केली. १४० गुणिले २० भागिले २४, म्हणजे शुद्ध ११६.७ ग्रेन. दुसऱ्याचं ११७.२५. तिसऱ्याचं ११७.३.

"आणि सरकारी नाण्यात?"

"११६."

मामांनी पेन खाली ठेवलं. कस वेगळा, वजन वेगळं, पण शुद्ध सोनं प्रत्येकात पाच डॉलरचंच, वर चिमूटभर जास्त. "हा माणूस सच्चा," ते म्हणाले. मामा असं सहसा कोणाबद्दल बोलत नाहीत.

उलट उदाहरणही जवळच आहे. जॉर्जियात टेम्पलटन रीड नावाच्या माणसाने बेक्टलरच्या आधी वर्षभर, १८३० मध्ये, नाणी पाडली. वर्तमानपत्रात त्याच्या नाण्यांच्या कसावर जाहीर आरोप झाला आणि त्याचं काम थोड्या महिन्यांत आटोपलं. आज त्याची नाणी बेक्टलरच्या नाण्यांपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहेत. लोकांचा विश्वास उडाल्यावर ती वितळवलीच गेली. बेक्टलरची मात्र चालत राहिली; ख्रिस्टोफर गेल्यावर घरातल्या पुढच्या माणसांनी १८५०च्या सुमारापर्यंत काम चालवलं.

बेक्टलरच्या जागी आता गावाबाहेर झाडीत एक छोटंसं उद्यान आहे, माहितीचे फलक, पायवाट. बघायला फार काही नाही. तरी आम्ही तिथे बराच वेळ काढला.

शनिवार, डलॉनेगा

सकाळी लवकर निघालो. गेन्सव्हिलवरून डोंगराकडे वळलं की रस्ता चढू लागतो. डलॉनेगा हे एका चौकाभोवतीचं गाव, आणि चौकाच्या मधोमध १८३६चं विटांचं कोर्ट. तेच आता सोन्याचं संग्रहालय. त्या विटांच्या मातीतही सोन्याचे अंश आहेत म्हणतात, कारण माती इथलीच. आत इथल्या टांकसाळीतली नाणी मांडलेली आहेत आणि पाच औंसांहून जड असा नैसर्गिक सोन्याचा गोळाही.

नाणी बघण्याआधी मी मामांना भिंतीवरच्या सनावळ्यांपाशी नेलं. १८२८-२९ मध्ये इथे सोन्यासाठी लोंढा लोटला. ही जमीन चेरोकी या मूळनिवासी लोकांची होती. १८३२ मध्ये जॉर्जिया राज्याने त्यांची जमीन तुकडे पाडून गोऱ्यांमध्ये सोडतीने वाटली. १८३८च्या एप्रिलमध्ये टांकसाळीतून पहिली नाणी बाहेर पडली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सैन्याने चेरोकींना घरांतून ओढून काढायला सुरुवात केली. त्यांना पश्चिमेला चालवत नेलं, वाटेत हजारो मेले. १८३८-डीचं पाच डॉलरचं नाणं संग्राहकांत फार प्रिय आहे, पहिल्या वर्षाचं म्हणून, आणि 'डी' दर्शनी बाजूला आहे म्हणून. मला ते हवं आहे. पण ते साल मी नुसतं पहिलं वर्ष म्हणून वाचू शकत नाही.

मग नाणी. मामांनी भिंग काढलं आणि काचेला नाक लावलं. पहिली गोष्ट त्यांनी रंगाबद्दल काढली. "याच्यात चांदी आहे. हिरवट झाक बघ." बरोबर होतं. १८३७च्या कायद्याने नाणं ९०० कसाचं ठरलं आणि उरलेल्या दहाव्या हिश्श्यात तांबं आणि चांदी दोन्ही चालत, चांदी निम्म्याहून जास्त नको एवढंच. इथल्या सोन्यात मुळातच चांदी असल्याने काही नाण्यांना ती फिकी झाक आली आहे.

दुसरी गोष्ट त्यांनी उठावाची काढली. कडेचे दाते कुठे आहेत, कुठे नाहीत. गरुडाची मान सपाट. इथे ठसे फिलाडेल्फियाहून यायचे, यंत्रं जुनाट, कारागीर मोजके. त्यामुळे डलॉनेगाचं नाणं वापरून झिजलं आहे की मुळातच कच्चं उठलं आहे, हे ओळखणं ही या छंदातली खरी परीक्षा. मी त्यांना माझी रीत सांगितली: उंच भाग बघायचा नाही, मैदान बघायचं. कच्चं उठलेलं पण न वापरलेलं नाणं मैदानात अजून चमक धरून असतं. झिजलेलं मैदानात मरतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला १८६१च्या डॉलरपाशी. त्या एप्रिलमध्ये जॉर्जियाने टांकसाळ ताब्यात घेतली होती. नवे ठसे आलेले होते, थोडं सोनं शिल्लक होतं, त्यातून बंडखोरांनी हे डॉलर पाडले. म्हणजे अमेरिकेचं नाव आणि अमेरिकेचाच ठसा, पाडणारे मात्र अमेरिकेपासून फुटलेले. किती पाडले याची सरकारी नोंद नाही, हजार-दीड हजार असावेत असा अभ्यासकांचा अंदाज. आज शंभरही उरले नसावेत. त्यावर 'युनायटेड' या शब्दातला पहिला 'यू' पुसट किंवा जवळजवळ नाहीसा आहे. यात कित्येक लोक मोठा अर्थ शोधतात. पण १८६०च्या डॉलरवरही तो 'यू' तसाच पुसट आहे, तेव्हा टांकसाळ सरकारचीच होती. दोष ठशाचा आहे. नाण्याची गोष्ट इतकी जबरदस्त असताना तिला कल्पित झालर लावायची काहीच गरज नाही.

तीन डॉलरचं १८५४-डीही या गावाचं खास. १,१२० पडली, त्याआधी नाही, त्यानंतर नाही. १८५६चं अडीच डॉलरचं तर फक्त ८७४. तोवर कॅलिफोर्नियाने इथले खाणवाले ओढून नेले होते. १८४९ मध्ये टांकसाळीतल्या मॅथ्यू स्टीफन्सन यांनी याच कोर्टासमोर उभं राहून लोकांना जाऊ नका म्हणून विनवलं, असं गावात सांगतात. लोक गेले.

टांकसाळीच्या जागी आता विद्यापीठ आहे. युद्धानंतर इमारत महाविद्यालयाला मिळाली, १८७८च्या डिसेंबरमध्ये जळाली, आणि तिच्याच पायावर पुढच्या वर्षी नवी इमारत उठली, प्राइस मेमोरियल हॉल. तिच्या कळसाला १९७३ मध्ये इथल्याच सोन्याचा मुलामा दिला. आम्ही गेलो तेव्हा पोरं हिरवळीवर फ्रिसबी खेळत होती. मामांनी वाकून पायाच्या दगडांना हात लावला.

रविवार, अटलांटाच्या वाटेवर

अटलांटाच्या अलीकडे एका हॉटेलच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला होता. टेबलांमागे बसलेले बहुतेक विक्रेते साठीच्या पुढचे. तपासणाऱ्या संस्थेने खरेपणा आणि अवस्था बघून श्रेणी दिलेली, प्लास्टिकच्या बंद डब्यांतली नाणी बहुतेक टेबलांवर. शार्लट-डलॉनेगाची चांगली नाणी होती, भाव माझ्या आवाक्याबाहेर.

एका टेबलावर कोपऱ्यात, डब्याबाहेर, १८५३-डीचं पाच डॉलरचं नाणं पडलं होतं. त्या साली डलॉनेगात ती ८९,६७८ पडली, या टांकसाळीच्या मानाने पुष्कळ. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. मी हातात घेण्याआधीच मामा म्हणाले, "वर डाग दिलाय." (सराफांच्या भाषेत डाग म्हणजे झाळकाम.)

त्यांनी नाणं कडेने धरलं (हे मी त्यांना वॉशिंग्टनलाच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते एकदाही मोडलं नाही) आणि दिव्याखाली फिरवलं. बाराच्या काट्याच्या जागी, किनारीवर, दाते बुजलेले होते आणि तिथे सोन्याचा रंग किंचित वेगळा. कोणीतरी कधीतरी कडी बसवली होती आणि पुढे कोणीतरी ती काढून घासून साफ केली होती. मामांनी पुतळ्यांच्या माळा आयुष्यभर हाताळल्या आहेत. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना, डुकाटांना, कड्या लावून आपल्या आज्या-पणज्यांनी त्या गळ्यात घातल्या, आणि माळ मोडायला आली की प्रत्येक पुतळीवर हाच व्रण असतो. "गळ्यातलं होतं हे," ते म्हणाले. "म्हणून तर राहिलं."

विक्रेत्याला ते दोष म्हणूनच माहीत होतं, आणि बाजाराच्या दृष्टीने तो दोषच आहे. पण आम्ही सोमवारपासून ज्या प्रश्नाचा पाठलाग करत होतो त्याचं एक उत्तर माझ्या तळहातावर होतं. बँकेत ठेवलेलं नाणं १९३३ मध्ये गेलं असतं. खर्च झालेलं नाणं झिजून मोडीत गेलं असतं. हे कोणाच्या तरी गळ्यात होतं, आणि गळ्यातलं सोनं माणूस सगळ्यात शेवटी देतो.

मग नेहमीची तपासणी. वजन ८.३ ग्रॅम, नव्या नाण्याच्या ८.३६ला झीज धरून जुळतं. व्यास २१.६ मिलिमीटर. 'डी'च्या बुडाशी सांध नाही, अक्षर मैदानातून सरळ उठलेलं. फोनवर त्याच सालच्या खात्रीच्या नाण्याचा फोटो काढून 'डी'ची जागा आणि गरुडाच्या पंजाशी तिचं अंतर ताडून बघितलं. मैदानात बारीक समांतर ओरखडे होते, कोणीतरी कापडाने पुसलेलं. दिवाळीला दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतो तसं जुनं नाणं कधीही धुऊ नये. मळ काढायला जावं तर वरचा मूळ पापुद्रा जातो, आणि तो परत येत नाही.

विक्रेत्याने पावतीवर लिहून दिलं की श्रेणी देणाऱ्या संस्थेने नाणं खोटं ठरवलं तर पैसे परत. अशी लेखी हमी न देणाऱ्याकडून डब्याबाहेरचं 'सी' किंवा 'डी' घेऊ नये, मग भाव कितीही गोड असो. मी घेतलं.

संध्याकाळी गाडीत आमचं थोडं वाजलं. मामांचं म्हणणं, खरं आहे हे आपल्याला दिसतंय, मग संस्थेला पैसे कशाला? डब्यावर 'दागिन्यातून काढलेलं' असंच लिहून येणार. माझं म्हणणं, मला दिसतंय, पण माझ्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला मामा नसतील. खोट्या नाण्यांचा इतका सुळसुळाट आहे की प्रमाणपत्र नसलेल्या खऱ्या नाण्यावरही लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि मग ते सोन्याच्या भावात जातं. शेवटी ते कबूल झाले. पाठवण्याआधी किनारीवरच्या त्या व्रणाचे जवळून फोटो घ्यायचे, एक संच त्यांच्यासाठी नाशिकला, एवढी अट घातली.

न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ हिवाळ्यात बघायची आहे. मामा तोवर परत गेलेले असतील, पण व्हिडिओ कॉलवर हजर राहणार म्हणाले. त्याआधी मला शार्लटचं पाच डॉलरचं एक नाणं हवं आहे. १८४७चं मिळालं तर बरं, आगीनंतरच्या वर्षांतलं आणि त्यातल्या त्यात जास्त उरलेलं.